तार नेमकी कुठे तुटली? यमुनाकाठच्या तारघरापासून कोल्हापूरच्या माडीपर्यंत

१/ आषाढातला कोल्हापूरचा पाऊस. मंगळवार पेठेतल्या एखाद्या जुन्या घराची कल्पना करावी. राउटर खालच्या सोप्यात, अभ्यासाची खोली माडीवर, आणि दोहोंना जोडणारी इथरनेट केबल खिडकीच्या फटीतून वर गेलेली. परीक्षेचा अर्ज भरण्याची मुदत त्याच रात्री संपणार असते आणि नेमके तेव्हाच इंटरनेट बंद पडते. घरात एकाच वेळी चार निदाने होतात. कोणी कंपनीला बोल लावतो, कोणी पावसाला, कोणी उंदराला, आणि आजी नातवाच्या धांदरटपणाला.

२/ चारही निदाने शक्य आहेत आणि चारही तपासणीवाचून केलेली आहेत. ‘दोष नेमका कुठे?’ हा प्रश्न तारेइतकाच जुना आहे. त्याचे उत्तर शोधताना एका माणसाचा जीव गेला, एक महासागरी केबल कायमची मुकी झाली आणि काही निरपराध कामगारांवर घातपाताचा संशय आला. आज घरातली केबल तपासण्याची जी पद्धत आहे, तिची प्रत्येक पायरी अशा एखाद्या प्रसंगातून घडली आहे. हा धागा त्या पायऱ्यांचा.

३/ तारेचे मोल कळण्यासाठी प्रथम घोड्याचा वेग पाहावा. ३१ जुलै १८५७ रोजी कोल्हापुरात २७व्या मुंबई देशी पायदळ पलटणीने उठाव केला. त्या धामधुमीत लेफ्टनंट केर हा इंग्रज अधिकारी सुमारे ५० स्वारांसह साताऱ्याहून कोल्हापुरास आला. अंतर सुमारे ७५ मैल, दिवस भर पावसाळ्याचे. ही दौड त्याने एका दिवसाच्या आसपास पुरी केली आणि त्या काळी ती अचाट मानली गेली. विजेच्या तारेला तेवढेच अंतर कापायला क्षणही लागत नाही. म्हणून जिच्या ताब्यात चालू तार, त्या सत्तेच्या हाती वेळ असे. आणि तार बंद पडली की ती का बंद पडली, हे ओळखणे राज्यकर्त्यांच्या दृष्टीने जीवनमरणाचे ठरे.

४/ हिंदुस्थानात ही तार आणली विल्यम ओ’शॉनेसी या डॉक्टराने. १८३९ मध्ये त्याने कलकत्त्याजवळ बांबूंवर सुमारे २१ मैल तार ताणून प्रयोग केले. तेव्हा संदेश ‘वाचण्याचे’ साधन होते माणसाचे बोट. बोटाला बसणारे विजेचे हलके झटके मोजून खूण ओळखत. १८५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर मार्ग सुरू झाला आणि १८५५ मध्ये तारसेवा जनतेस खुली झाली. इथली वादळे, वानरे आणि पक्षी लक्षात घेऊन ओ’शॉनेसीने बारीक तारेऐवजी जाड लोखंडी सळ्या वापरल्या. दोष दुरुस्त करण्याआधी तो होऊच नये, ही पहिली दक्षता.

५/ मात्र नदी ओलांडताना सळ्या कामाच्या नसत. तिथे वेष्टन चढवलेली केबल पाण्याखालून न्यावी लागे. दिल्लीजवळ यमुनेत अशीच एक केबल होती. तिचे वेष्टन खराब झाले होते आणि तिने पूर्वीही त्रास दिला होता. म्हणून १० मे १८५७ च्या रविवारी मेरठकडून उत्तर येईनासे झाले, तेव्हा दिल्लीच्या तारघरात पहिला संशय या केबलवरच गेला. नेहमीचा गुन्हेगार ठाऊक असला की तपास तिथेच संपतो, हा मनुष्यस्वभाव.

६/ तारघराचा प्रमुख चार्ल्स टॉड मात्र संशयावर थांबला नाही. त्याने ब्रेंडिश आणि पिल्किंग्टन या दोन तरुण सहायकांना नदीपलीकडे पाठवले. पैलतीरावर केबल जिथे बाहेर येई, तिथे एक छोटे केबलघर होते. तिथून त्यांनी दोन्ही दिशांना संदेश पाठवून पाहिले. दिल्ली बोलली, मेरठ मात्र गप्प राहिले. याचा अर्थ स्पष्ट होता. दिल्लीपासून केबलघरापर्यंतचा भाग, त्या बदनाम केबलसह, निर्दोष होता. दोष त्याच्या पुढे, मेरठच्या बाजूला होता.

७/ ही तपासणी नीट पाहण्यासारखी आहे. त्या दोघांनी दोष शोधला नाही. दोष कुठे नाही, एवढेच ठरवले. मार्गाचे दोन भाग करायचे, मधल्या बिंदूवर उभे राहायचे, जो भाग चालतो तो बाजूला ठेवायचा आणि उरलेल्याचे पुन्हा दोन भाग करायचे. घरच्या केबलपासून महासागरी केबलपर्यंत दोषशोधाचा हा पहिला नियम आजही तोच आहे.

८/ दुसऱ्या दिवशी सकाळी, ११ मे रोजी, उरलेला भाग तपासण्यासाठी टॉड स्वतः पूल ओलांडून निघाला. त्याचा तर्क अचूक होता. दोष खरोखरच मेरठच्या बाजूला होता. परंतु तो वेष्टनाचा किंवा सांध्याचा दोष नव्हता. मेरठच्या सैनिकांनी आदल्या संध्याकाळी उठाव केला होता आणि ते दिल्लीकडे येत होते. टॉड परत आला नाही. तो वाटेतच मारला गेला. ब्रेंडिश आणि पिल्किंग्टन यांनी दिल्ली सोडण्यापूर्वी अंबाल्याला उठावाची खबर तारेने कळवली. दिल्लीत त्यांच्या तारघराचे स्मारक आजही उभे आहे.

९/ यंत्राचा दोष समजून निघालेल्या माणसाला इतिहास सामोरा आला, असा हा प्रसंग. आठ वर्षांनी नेमका उलटा प्रसंग घडला. तिथे माणसांवर संशय आला आणि दोष निघाला वस्तूत. तिकडे जाण्यापूर्वी मधला एक धडा पाहणे आवश्यक आहे. तो आहे तपासणीवाचून केलेल्या उपचाराचा.

१०/ ऑगस्ट १८५८ मध्ये आयर्लंड आणि न्यूफाउंडलंड यांना जोडणारी पहिली अटलांटिक केबल पुरी झाली. राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा संदेश पोहोचायला सुमारे १६ तास लागले. केबलच्या विद्युत विभागाचा प्रमुख वाइल्डमन व्हाइटहाउस हा मूळचा शल्यवैद्य. खुणा क्षीण येतात असे दिसताच त्याने विजेचा दाब वाढवत नेला, सुमारे २,००० व्होल्टपर्यंत. आधीच दुबळे असलेले वेष्टन त्याने आणखी खचले. काही आठवड्यांतच केबल कायमची गप्प झाली.

११/ त्या अल्पायुषी केबलवरून गेलेला एक संदेश हिंदुस्थानच्या इतिहासाशी जोडलेला आहे. इथला उठाव मोडण्यासाठी कॅनडातील दोन ब्रिटिश पलटणी परत बोलावल्या होत्या. त्यांची आता गरज नाही, हे लंडनने याच तारेने कळवले आणि सुमारे ५०,००० पौंडांचा खर्च वाचला. म्हणजे ती तार तीन-चार आठवडे जगली, तरी तिची उपयुक्तता सिद्ध करून गेली. तिच्या मृत्यूने दुसरी गोष्ट सिद्ध केली: क्षीण खूण हे लक्षण आहे, कारण न मोजता लक्षणावर जोर लावला तर रोगी दगावतो.

१२/ आता तो उलटा प्रसंग. १८६५ मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ या अवाढव्य जहाजावरून नवी अटलांटिक केबल टाकली जात होती. प्रवासाच्या आरंभीच मापकाचा काटा हलला. केबल मागे ओढून पाहिली, तर वेष्टनातून आरपार गेलेला लोखंडी तारेचा तुकडा सापडला. पुढे असाच दोष पुन्हा आढळला. जहाजावर कुजबूज सुरू झाली की हे घातपाताचे काम असावे. केबलच्या हौदात काम करणाऱ्या कामगारांवर संशय आला आणि पाहुण्या सद्गृहस्थांनी हौदावर पाळीने पहारा दिला.

१३/ पहारा असतानाही तोच प्रकार दिसला, तेव्हा खरे कारण उलगडले. केबलच्या बाहेरच्या संरक्षक कवचातील लोखंडी तार ठिसूळ होती. ती तुटे, आणि वरच्या वेटोळ्यांच्या भाराने तिचे टोक आतल्या वेष्टनात घुसे. दोषी कोणीही माणूस नव्हता. यमुनाकाठी केबलवर संशय होता आणि कारण माणसे निघाली; अटलांटिकवर माणसांवर संशय होता आणि कारण केबल निघाली. दोन्ही वेळा अंदाज चुकला, आणि दोन्ही वेळा चूक तपासणीनेच उघड केली.

१४/ जहाजावर केबल मागे ओढता येते. पण शेकडो मैलांच्या मार्गावर दोष कुठे आहे, हे जागेवर बसून कळले तर? इथे गणित मदतीला आले. सॅम्युअल क्रिस्टीने १८३३ मध्ये मांडलेली आणि चार्ल्स व्हीटस्टनने १८४३ मध्ये प्रसिद्धीस आणलेली ‘व्हीटस्टन ब्रिज’ ही जोडणी दोन विद्युतरोधांचे गुणोत्तर अचूक सांगते. तारेचा रोध तिच्या लांबीच्या प्रमाणात असतो. म्हणून रोधाचे गुणोत्तर कळले की अंतर कळते. मरे आणि व्हार्ली यांच्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या ‘लूप’ चाचण्या याच तत्त्वावर उभ्या आहेत.

१५/ कोल्हापूरचे उदाहरण घेऊन पाहू. मिरज–कोल्हापूर लोहमार्ग १८९१ मध्ये सुरू झाला. अंतर सुमारे ४८ किलोमीटर. समजा, या मार्गावर सारख्या जाडीच्या दोन तारा आहेत आणि त्यांतली एक कुठेतरी ओल्या खांबाला टेकून जमिनीत वीज सोडते आहे. मिरजेत दोन्ही तारांची टोके एकमेकांना जोडायची. झाली ९६ किलोमीटरची एकच फेरी. कोल्हापुरात बसून ब्रिज लावला आणि गुणोत्तर ७ : १ आले, तर ९६ चे आठ भाग करून एक भाग घ्यायचा: १२ किलोमीटर. लाइनमनने थेट रुकडीच्या आसपास जावे. उरलेला मार्ग चालण्याचे कारण नाही.

१६/ ही विद्या मुंबईच्या किनाऱ्यावरही आली. १८७० च्या आरंभी हेच ‘ग्रेट ईस्टर्न’ मुंबई बंदरात दाखल झाले आणि फेब्रुवारीत तिथून एडनच्या दिशेने केबल टाकू लागले. त्याच वर्षी मुंबई समुद्राखालच्या तारांनी लंडनशी जोडली गेली. केबल समुद्रात उतरत असताना तिची तपासणी अखंड चालू ठेवायची, हा शिरस्ता तोवर पक्का झाला होता. तळाशी गेलेला दोष काढण्यापेक्षा जहाजाच्या काठावरच तो पकडणे स्वस्त पडते, हे अटलांटिकने शिकवले होते.

१७/ पुढे टेलिफोन आला आणि दोषाची एक नवी जात घेऊन आला. तारा कुठेही तुटलेल्या नसत, तरी एका तारेवरचे बोलणे शेजारच्या तारेवर ऐकू येई. अलेक्झांडर ग्रॅहम बेलने १८८१ मध्ये यावर उपाय पेटंट केला: जाणारी आणि येणारी तार एकमेकींभोवती पिळायची. पिळामुळे बाहेरचा उपद्रव दोन्ही तारांवर सारखाच पडतो आणि त्यांच्यातील फरक घेताना तो नाहीसा होतो. आजची इथरनेट केबल सोलून पाहावी. आत आठ तारांच्या चार पिळलेल्या जोड्या दिसतात. तो पीळ म्हणजे बेलचा १८८१ चा शोध.

१८/ इथरनेटचा जन्म मात्र पिळलेल्या तारेवर झाला नाही. २२ मे १९७३ रोजी झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातील संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफने या पद्धतीचे टिपण लिहिले. डेव्हिड बॉग्ज हा त्याचा सहकारी. आरंभीच्या जाळ्यात सगळे संगणक एकाच जाड कोअ‍ॅक्सियल केबलला जोडलेले असत. परिणाम असा की केबल एका जागी तुटली, किंवा टोकावरची रोधाची टोपी कोणी काढली, की सगळे जाळे ठप्प होई. तक्रार सर्वांची आणि दोष एका अज्ञात जागी, अशी अवस्था असे.

१९/ १९९० मध्ये ‘१०बेस-टी’ हे मानक आले आणि रचना बदलली. आता प्रत्येक संगणकाला स्वतंत्र केबल, आणि सगळ्या केबली मध्यवर्ती पेटीला जोडलेल्या. एक केबल बिघडली तर एकच संगणक बंद पडे; बाकीच्यांचे काम चालू राही. शिवाय काही पाठवायचे नसतानाही दोन्ही टोके ठरावीक काळाने एकमेकांना सूक्ष्म स्पंद पाठवू लागली. स्पंद आला की पोर्टजवळचा दिवा लागतो. यमुनेपलीकडे जाऊन ब्रेंडिश आणि पिल्किंग्टन यांनी जे विचारले, ते हा दिवा अहोरात्र विचारत असतो: पलीकडे कोणी आहे का?

२०/ अंतर मोजण्याची कलाही बदलली. केबलमध्ये विजेचा एक क्षणिक स्पंद सोडायचा आणि प्रतिध्वनीची वाट पाहायची. स्पंद प्रकाशाच्या सुमारे दोन-तृतीयांश वेगाने धावतो, म्हणजे एका नॅनोसेकंदात सुमारे २० सेंटिमीटर. प्रतिध्वनी ३०० नॅनोसेकंदांनी आला तर जाऊन-येऊन ६० मीटर झाले. दोष ३० मीटरवर. तार तुटलेली असेल तर प्रतिध्वनी सुलटा येतो, दोन तारा एकमेकींना टेकल्या असतील तर उलटा. कित्येक स्विचमध्ये ही चाचणी आता अंगभूत असते.

२१/ एवढा वारसा घेऊन मंगळवार पेठेतल्या माडीवर परत यावे. पहिली पायरी यमुनेची: मार्गाचे भाग करणे. मोबाइल राउटरच्या वायफायला जोडून पाहावा. तिथे इंटरनेट चालत असेल तर कंपनी आणि राउटरपर्यंतचा मार्ग निर्दोष ठरला. मग पोर्टजवळचा दिवा पाहावा. तो विझलेला असेल तर केबल राउटरच्या दुसऱ्या पोर्टात लावावी. तरीही विझलेलाच राहिला, तर संगणक खाली नेऊन चांगली ठाऊक असलेली छोटी केबल लावावी. दिवा लागला, तर संगणकही सुटला. उरली खिडकीतून गेलेली केबल. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या तर कोणतीने काम झाले, ते कळत नाही.

२२/ कधी दिवा लागतो, पण वेग १,००० ऐवजी १०० मेगाबिटवर अडतो. हेही एक अचूक निदान आहे. १०० च्या वेगाला चारांपैकी दोनच जोड्या लागतात, त्या १-२ आणि ३-६ या पिनांवरच्या. १,००० च्या वेगाला चारही लागतात. म्हणून वेग घसरला की निळी किंवा तपकिरी जोडी तुटली असल्याचा दाट संशय घ्यावा. इथे व्हाइटहाउसचा मोह टाळावा. केबल ओढणे, कनेक्टर दाबणे, राउटर पुन्हापुन्हा बंद-चालू करणे हा जोर लावण्याचाच प्रकार आहे.

२३/ सर्वांत फसवा दोष बेलच्या पिळाचा. नवखा माणूस तारा क्रमाने १-२, ३-४, ५-६, ७-८ अशा जोड्यांनी बसवतो, दोन्ही टोकांना सारख्याच. स्वस्त टेस्टरवर आठही दिवे ओळीने लागतात. पण ३ आणि ६ या पिनांवर एकाच जोडीच्या तारा हव्यात. इथे त्या दोन वेगळ्या जोड्यांतल्या येतात आणि पिळाचा उपयोग संपतो. तार अखंड असते, तरी जाळे अडखळते. त्याच कारणाने कनेक्टरपाशी पीळ सुमारे १३ मिलिमीटरपेक्षा अधिक उकलू नये, असा दंडक आहे.

२४/ समजा, तपासाअंती दोष खिडकीच्या फटीत निघाला. पावसाळ्यात लाकडी चौकट फुगली, पल्ला जोराने लावला गेला आणि दोन तारा चेपल्या. कंपनी निर्दोष, उंदीर निर्दोष, नातूही निर्दोष. चेपलेला भाग कापून नवा कनेक्टर बसवावा, किंवा केबलच बदलून तिला फटीऐवजी स्वतंत्र भोक द्यावे. नाहीतर पुढच्या आषाढात तोच दोष परत येईल.

२५/ भारतातील सार्वजनिक तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. तारघरे गेली, मोर्सचा कट्टकडकट्ट थांबला. पण मार्गाच्या मध्यावर उभे राहून दोन्ही दिशांना हाक देणारी रीत घराघरांत उरली आहे. पुढच्या वेळी इंटरनेट गेले आणि घरात आरोपीचे नाव ठरू लागले, तर आधी खाली जाऊन तो छोटा हिरवा दिवा पाहावा. १० मे १८५७ च्या त्या रविवारी, बदनाम केबलला दोष देऊन मोकळे होणे सोपे असतानाही, दोन तरुण याच कामासाठी यमुनेपलीकडे गेले होते.